बीप वाजला की

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज मशीन घरी आलं. आमच्या म्हाताऱ्याबरोबर एकाच गाडीतून आलं, आणि खरं सांगायचं तर दोघांत मशीनच जास्त टवटवीत दिसत होतं.

बोलते आहे मी, लिहिते आहे शेजारची लीलाबाई. मला अक्षर येत नाही. दवाखान्यातल्या सिस्टरनं बजावलं, पेशंटनं काय खाल्लं, झोप कशी लागली, दम किती लागला ते लिहून ठेवा. माझा मुलगा रियाज पर्यटकांची गाडी चालवतो, सून नसीम हॉटेलात चादरी बदलते. कुसगावात हॉटेलं इतकी झाली की घरात दिवसा फक्त म्हातारी माणसं उरतात. लीला अंगणवाडीतून रिटायर झाली, तिचं पेन मोकळंच होतं. मी ‘न्हाई’ म्हणते, ती ‘नाही’ लिहिते. म्हणते, “भाभी, वहीत तरी नीट बोल.” बोलते बाई.

मशीन हवेतून ऑक्सिजन काढतं आणि नळीनं नाकात सोडतं. दिवसभर मांजरासारखं गुरगुरतं. नळी दुमडली किंवा लाइट गेली तर ते बीप वाजवतं. बीप वाजला की नळी सरळ करायची, लाइट गेली असेल तर शेजारच्या सिलिंडरची चावी फिरवायची. दिवसा मीच घरात, म्हणून हे काम माझं. रियाजनं नळी चिमटीत धरून बीप वाजवून दाखवला. “ऐकलंस ना अम्मी?” सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं होतं, कारखान्यासारखा मोठा भोंगा होईल. तसं काही झालं नाही. पण नसीमनं मान हलवली, लीलानं हलवली, मग मीही हलवली.

नवऱ्याचं नाव मी घेत नाही. लीलाला लिहायचं तर लिहू दे, अबरार. मी म्हणते रियाजचे अब्बा. रियाज त्यांना म्हणाला, “घरी जमलं नाही तर परत ॲडमिट करावं लागेल.” हे म्हणाले, “तितं छताकडं बघत मरायचं न्हाई मला. हितं खिडकी हाय.”

खिडकीतून जुना हायवे दिसतो. चाळीस वर्षं यांनी त्या घाटात ट्रक चढवला आणि उतरवला. म्हणजे आता सगळं माझ्यावर आलं. जमलं तर खिडकी, नाही जमलं तर छत.

आज अर्धी भाकरी खाल्ली. दम आहे. हे सिस्टरसाठी.

२० नोव्हेंबर

सकाळपासून मशीनला शिव्या चालल्या आहेत. मी त्या जशाच्या तशा सांगायला लागले तर लीलानं पेन खाली ठेवलं.

“भाऊंच्या शिव्या मी लिहिणार न्हाई. पोरं शिकवलीत मी.”

“मग काय कोरं सोडणार?”

“टीव्हीवर शिवी आली की काय करत्यात? बीप. तसंच लिहिते.”

तर यांचं आजचं म्हणणं असं: “कुण्या बीपच्या पोरानं बनवलंय हे? बैलागत वेसण घातली माझ्या नाकात बीपनं.”

मी लीलाला विचारलं, या बीपचा अर्थ तरी काय. ती म्हणाली, इंग्रजी शब्द आहे, पण अर्थ असा काही नाही, जसा आवाज तसाच शब्द, आपल्या काव-काव सारखा. मग ती बोटं मोडून सांगायला लागली. दुकानात पुड्यावर लाल उजेड मारला की बीप. नसीमच्या हॉटेलात दाराला कार्ड लावलं की बीप. रियाजनं गाडी मागं घेतली की बीप बीप. म्हणजे जे कानावर पडू नये त्याच्यावरही बीप, आणि जे कानावर पडलंच पाहिजे तेही बीप. एका शब्दावर किती कामं काढायची माणसानं.

रियाजची गाडी मागं येताना मी तरी कधी काही ऐकलं नाही. बिघडलं असेल त्याचं.

२४ नोव्हेंबर

हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. नसीम तर नुसते ओठ हलवते, मोबाइलमुळे पोरींना बोलायची सवयच राहिलेली नाही. लीलाचं उलट, ती शेतात हाक मारावी तशी ओरडते. मी म्हटलं, “अगं, कान तपासून घे तुझे.” म्हणाली, “व्हय, घेते.”

कुकरची शिट्टी बिघडली आहे. डाळ पार करपली. नसीम म्हणते शिट्टी चांगली आहे. चांगली आहे तर वाजली का नाही? चिमण्याही गेल्या इथून. एवढी हॉटेलं झाल्यावर चिमण्या कशाला राहतील. हे मी बोलले तेव्हा रियाजचे अब्बा खिडकीबाहेरच्या तारेकडे बघत होते. म्हणाले, “हायेत की.” यांची नजर पण गेली वाटतं.

मशीन मात्र चांगलं निघालं. आल्यापासून एकदाही वाजलं नाही.

हे सांगितलं तर लीलाचं पेन थांबलं. काय झालं विचारलं. म्हणाली, “काय न्हाई. पुढं बोल.”

पुढं काय. दोन घास वरण-भात. झोप बरी.

२७ नोव्हेंबर

आज घाबरले.

मी खाटेच्या पायथ्याशी यांच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत होते. वडिवळ्याचा तांदूळ, लीलाच्या माहेरून आलेला. एकदम फरशीतून धप्प असं काहीतरी अंगात शिरलं. वळून बघते तर हे लोखंडी खाटेच्या कठड्यावर पंजा आपटत होते, आणि ओठ जांभळाएवढे जांभळे. नळी खाटेच्या पायाखाली चेपली होती. ओढून काढली. तांदूळ सगळ्या घरभर.

मी मशीनला म्हटलं, “मेल्या, वाजायला काय धाड भरली होती तुला?”

हे माझ्याकडे बघत राहिले. छातीचा भाता खाली बसल्यावर म्हणाले, “त्याच्यावर भरवसा ठेवू नगंस. आपलं आपण ठरवू.”

मग मला क्लीनरचं शास्त्र सांगितलं. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. क्लीनर मागं उभा राहतो आणि फळक्यावर थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे जाऊ दे, रस्ता मोकळा. “इतकी वर्षं मी चालवली, आता गाडी तुझ्याकडं. मी मागं उभा. एक मारली की हातातलं टाकून यायचं. दोन मारल्या की खुशाल जायचं.”

“क्लीनरला पगार किती?”

“दोन टायम जेवण, आन तुझ्या शिव्या.”

“माझ्या शिव्या लीला लिहू देत नाही.”

“मग बीप दे,” म्हणाले, आणि हसताना पुन्हा दम लागला.

३० नोव्हेंबर, रविवार

आमच्याकडे रविवार म्हणजे सगळ्यात कामाचा दिवस. पोरं अंधारातच बाहेर पडली. दिवसभर मी आणि माझा क्लीनर. मी कपडे वाळत घालायला निघाले, धप धप. पाणी भरायला निघाले, धप धप. एकदा एकच थाप आली म्हणून हातातली बादली टाकून पळत आले, तर म्हणे, “पाठ खाजव.”

मी दिलेला बीप लीलानं लिहायचा नाही असं ठरलं आहे.

४ डिसेंबर

रियाज आज दुपारीच घरी आला. मी यांच्या उशाशी बसून लसूण सोलत होते, यांना डोळा लागला होता. रियाज चपला न काढता आत घुसला आणि मशीनवर झेपावला. नळीला कुठंतरी पीळ पडला होता. तो सोडवला आणि माझ्याकडे वळून ओरडला. ओरडला म्हणूनच सगळं नीट ऐकू आलं.

“गेटपर्यंत ऐकू येतंय अम्मी. तू इथं बसून लसूण सोलतेस?”

हे जागे झाले. म्हणाले, “मीच म्हनलो तिला बस म्हणून. आत्ता वाजाय लागलं ते. काय डोकं फिरलं काय तुझं?”

खोटं होतं. यांनी मला काहीच म्हटलं नव्हतं. आरटीओवाल्याशी खोटं बोलताना यांना खूपदा पाहिलं आहे, पोराशी पहिल्यांदाच पाहिलं.

रियाज खाटेवर बसला. पुढं हळू बोलला, त्यातला ‘ॲडमिट’ तेवढा मला कळला. यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

संध्याकाळी मी लीलाला विचारलं, हे खोटं का बोलले असतील? ती म्हणाली, “सोमवारी माज्यासंगं लोणावळ्यात चल. डोळे तपासायचं शिबिर हाय.”

माझ्या डोळ्यांना काय झालंय.

८ डिसेंबर

शिबिर डोळ्यांचं नव्हतं.

नसीमला दुपारपर्यंत घरी ठेवून गेलो. एका पोरीनं मला कपाटाएवढ्या खोलीत बसवलं, कानावर गाद्या लावल्या. चांगली पोरगी, नाव कोमल. म्हणाली, “आजी, बीप ऐकू आला की बोट वर करायचं. कितीही बारीक असू दे.” दार लावलं. मधल्या काचेतून ती दिसत होती. मी बोट तयार ठेवून बसले, शाळेत कधी गेले नाही पण पहिल्या बाकावर बसल्यासारखी. ती बटण दाबायची, माझ्याकडे बघायची, पुन्हा दाबायची. मध्येच लांब घाटात ट्रक चढावा तसं काहीतरी घुमलं, तेव्हा बोट वर केलं. मग पुन्हा शांत. मी वाट बघत राहिले. वाटलं, लाइट गेली असेल.

तिनं दार उघडलं. मी विचारलं, “सुरू कधी करतेस बाळा?”

ती म्हणाली, “झालं आजी.”

जाड आवाज आहेत, बारीक गेले. गाडीचं इंजिन येतं, बीप येत नाही. वयानं होतं म्हणाली. कानातलं यंत्र पुढच्या शिबिरात मिळेल, नाव लिहून घेतलं आहे.

रिक्षात मी लीलाला म्हटलं, “म्हणजे चिमण्या आहेत.”

“हायेत भाभी.”

“आणि कुकर?”

“त्यो बी वाजतो.”

“आणि आमचं मशीन?”

लीला बाहेर बघायला लागली. मी तिचं तोंड माझ्याकडे वळवलं. ती म्हणाली, “रोज वाजतं. मी पळत यायला बघते, तर भाऊंनी तुला आदीच बोलवल्यालं असतं.”

९ डिसेंबर

सकाळी पोरं गेल्यावर यांना सांगितलं.

“ठाऊक हाय मला.”

“कधीपासून?”

“मशीन आलं त्या दिवसापास्नं. समद्यांच्या माना हलल्या, मग तुझी हलली.”

तीन आठवडे माहीत होतं, आणि हा माणूस मला क्लीनरचं शास्त्र शिकवत बसला. मी म्हटलं, रियाजला सांगते. राखणदार बहिरा आहे हे मालकाला कळायला नको का?

“सांग की,” म्हणाले. “म्हंजे उद्याच गाडी काढंल त्यो. मला नेऊन ठेवंल. तुला वॉर्डात रातचं थांबू देत न्हाईत, मागल्या येळी बघितलंस.” मग थांबून श्वास गोळा केला. “माझ्या थापा येतात का ऐकू?”

“येतात.”

“मग झालं तर.”

लीला, तू सांग, मी काय करू? तिनं हेही लिहून घेतलं. रियाजला कळायला हवं, हे मला कळतं. झोपलेला माणूस थाप मारत नाही, हेही कळतं. म्हणून दिवसा त्यांना डोळा लागला की मी नळी हातात धरून बसते. लीलालाही म्हटलंय, तिकडून कान दे.

रियाज संध्याकाळी आला. मी त्याला चहा दिला. सांगितलं नाही. हे लिहून ठेव.

१७ डिसेंबर

आज चांगला दिवस. पेज प्यायले, चिक्कीचा तुकडा नुसता चोखला.

आम्ही एक खेळ काढला आहे. हे डोळे मिटून आवाजावरून गाडी ओळखतात, सहाचाकी की दहाचाकी, भरलेली की रिकामी. मी कठड्यावर हात ठेवते. भरलेला ट्रक आला की कठडा थरथरतो, रिकाम्याला नुसता शहारतो. आज मी दोनदा जिंकले. हे म्हणाले, “बीप, माझ्या पोटावर पाय आणतीस.” त्यांचा हातही कठड्यावरच होता.

पण पावलं सुजली आहेत. रात्री बसूनच झोपतात. सिस्टरसाठी.

३० डिसेंबर

परवा रविवारी दुपारी रियाजचे अब्बा गेले.

सांगते तसं लिही लीला. तू रडलीस तर मी कुणाकडून लिहून घेऊ?

वर्षाची अखेर, सगळी मुंबई इकडे आलेली. रस्त्यावर गाड्या मुंग्यांसारख्या, आमच्या बोळातसुद्धा चुकून शिरायच्या आणि मागं मागं जात निघायच्या. रियाज, नसीम दोघंही कामावर. मी यांच्याजवळ बसून होते. बोलता बोलता म्हणाले, “खिडकी उघड. रस्ता बघू दे.” उघडली. सगळ्या गाड्यांची घरघर घरात आली. हे बघत बसले. एक शिवी दिली, सावकाश, दोन श्वासांत. लिही, बीप.

मग म्हणाले, “भूक लागली. भाकर टाक गरम.”

किती तरी दिवसांत यांनी स्वतःहून मागितलं नव्हतं. मी उठले. दारापर्यंत गेले आणि थाप आली. थांबले. दुसरी आली. वळून पाहिलं तर हात हलवत होते, जा म्हणून. मी गेले.

पीठ मळलं. दोन भाकरी झाल्या, तिसरी तव्यावर होती तेव्हा लीला माझ्या अंगाला घासून आत पळाली. मी मागून गेले. ती सिलिंडरची चावी फिरवत होती. लाइट गेली होती. थंडीचे दिवस, पंखा नाही, दुपारचा दिवा नाही, मला कशानं कळावं. मशीनची गुरगुर थांबलेली कळली असती, पण खिडकी उघडी होती.

त्यांचं तोंड रस्त्याकडे होतं.

मी लीलाला विचारलं, किती वेळ वाजत होतं? तिला सांगायचं नव्हतं. मी सोडलं नाही. ती भांडी घासायला बसली तेव्हापासून वाजत होतं, मी भाकरीला उठायच्या आधीपासून. दिवसभर बोळात गाड्या मागं घेत होत्या, बीप बीप चाललंच होतं. तिला वाटलं, आणखी एक गाडी. बंद होईना, तेव्हा उठली.

तुझा दोष नाही लीला. हेही लिही. लिही म्हणते ना.

म्हणजे मी त्यांच्याजवळ बसले होते तेव्हाही ते वाजत होतं. त्यांना ऐकू येत होतं. मग दोन का मारल्या? दोन दिवस हाच विचार आहे. एकच मारायची असेल. हात उचलला, सुटला, पुन्हा पडला. दमलेला माणूस मोजणीत चुकतो. आणि मुळात ड्रायव्हर, क्लीनरचं काम त्याला कुठून नीट जमणार. मी तसंच धरून चालले आहे.

भाकरी तव्यावर जळली. तिचा वास मात्र बरोबर आला.

२ जानेवारी

दफनाच्या संध्याकाळीच रियाजनं मला विचारलं होतं, “वाजलं नव्हतं का?” मी तेव्हा बोलले नाही. घर माणसांनी भरलं होतं.

काल सांगितलं. म्हटलं, “वाजलं. मला बीप ऐकू येत नाही. पहिल्या दिवशीही आला नव्हता. कळल्यावरही तीन आठवडे तुला सांगितलं नाही, कारण तू त्यांना घेऊन गेला असतास.”

तो उठून बाहेर गेला. खूप वेळ गाडीत बसून होता, गाडी चालू न करता. मी दारातून बघत होते. वाटलं, आता हा पोरगा मला आयुष्यभर तोंडातल्या तोंडात बोलणार.

आज सकाळी खांद्याला हात लागला. तो मागून आला होता. समोर येऊन बसला, माझी नजर त्याच्या तोंडावर येईपर्यंत थांबला आणि मग बोलला, “चहा घेतेस?” एवढंच. राग आहे की गेला ते कळत नाही. राग बारीक आवाजात असतो.

आज वहीत लीलाला शिवीच्या जागी एकदाही बीप लिहावा लागला नाही. घरात शिवी देणारं कुणी उरलं नाही.

६ जानेवारी

आज मशीन परत गेलं.

रियाजनं प्लग काढला. लीलाची नजर चटकन मशीनकडे गेली. मी विचारलं, “वाजलं?” तिनं मान हलवली. मी मशीनवर तळहात ठेवला, हाताला काहीच लागलं नाही.

“कसा असतो गं तो?”

“बारीक भाभी. लय बारीक. पाखराच्या पिल्लावानी.”

“एवढे लिहिलेस, मी एकही ऐकला नाही.”

रियाजनं त्याच्या दोस्ताचा, कैलासचा टेम्पो स्वतः चालवत आणला होता. बोळ अरुंद, त्यानं तो पार दारापर्यंत मागं घेतला आणि मशीन चढवलं. सिलिंडर चढवला. खोलीत खाटेजवळ दोन चौकोन स्वच्छ राहिले, बाकी फरशीवर धूळ.

मी इद्दतीत आहे, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही. दारात उभी राहिले. रियाज पुढं जाऊन बसला आणि आरशात बघत थांबला. मागचं फळकं उंबऱ्यापासून हातभर होतं. मी वाकले, हात पुरला. दोन थापा मारल्या.

टेम्पो हलला नाही.

आरशात रियाजचं तोंड दिसत होतं. शाळेच्या सुट्टीत त्यानं बापाच्या ट्रकवर क्लीनरकी केली आहे. थापा त्याला कुणी शिकवायला नकोत.

लीला माझ्या कानाशी म्हणाली, “त्याला ऐकू आलं न्हाई वाटतं.”

“आलंय,” मी म्हटलं.

पुन्हा मारल्या. या वेळी मोजून. एक. दुसरीसाठी हात पुरता वर न्यावा लागतो, तो आपोआप जात नाही. दोन.

मग टेम्पो गेला.